आडवी पट्टी कापायची राहिली

काशीदादा, त्या दुपारी आपण चढावर थांबलो होतो, हे मी अजून वहिनींना सांगितलेलं नाही.

त्यांनी विचारलं होतं. डहाणूला दवाखान्याच्या व्हरांड्यात, तुझ्या अंगावर चादर ओढून झाल्यावर. तुझे मेव्हणे होते, कैनाडहून टेम्पोत बसून आलेली पाड्यावरची पंधरा-वीस माणसं होती. वहिनी रडत नव्हत्या. माझ्याकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "हणमंत, जीप चढावर थांबली होती का?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. एका दमात आणली."

तुझ्या पायांपासून चार हातांवर उभा राहून हे बोललो. तू असतास तर लगेच धरलं असतंस. "घाटी, खोटं बोलताना तुझे कान लाल होतात," हे तूच मला सांगितलेलं. पण त्या दिवशी माझ्या कानांकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

आज एकवीस दिवस झाले. या दिवसांत ते खोटं वाढत गेलं. दहाव्याला तुझ्या मेव्हण्यांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. "या पोराने एका दमात आणलं, तरी देवाची मर्जी नव्हती." वहिनींनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगितलं. मी जेवायला बसलो तर माझ्या पानात आधी वाढलं. तो भात कसा गिळला ते मला विचारू नकोस.

तुला आठवत असेल, मी दोन हजार चौदा साली तलासरीत आलो तेव्हा तुला "अहो मिस्त्री, तुम्ही" करायचो. तू चार दिवस ऐकून घेतलंस आणि पाचव्या दिवशी पाना खाली ठेवून म्हणालास, "आमच्याकडे देवालापण तू बोलतात. तू मला तुम्ही बोललास की मला वाटतं, मागे कोणीतरी साहेब उभा आहे." तेव्हापासून तू. जतकडचा माणूस मी, आमच्याकडे मोठ्या भावाला तू म्हटलं तर कानाखाली बसते. पहिल्यांदा तुला "तू" म्हटलं, तेव्हा मी दोन पावलं मागे सरकून म्हटलं होतं.

ज्या शेडमध्ये वेल्डिंगला लागलो होतो तिथून मला दीड महिन्यात काढलं. माझा हात चालत नाही, असं नव्हतं. मी प्रत्येक जोड तीन-तीनदा बघायचो. हातोडीने ठोकून बघायचो, पुन्हा मारायचो. सुपरवायझर म्हणाला, तुझ्या एका गेटमध्ये दुसरा चार गेट करतो. मशीन माझं स्वतःचं होतं, तेवढं घेऊन मी हायवेच्या कडेला बसलो होतो. तू एका पिकअपची चाचणी घेत तिथून गेलास, पुढे जाऊन परत आलास. "मशीन चालतं का?" चालतं म्हणालो. "मग माझ्या गॅरेजच्या डाव्या बाजूला जागा आहे. भाडं नंतर बघू. सायलेन्सर झाळायला मला रोज वापीला पाठवावं लागतं."

ते नंतर कधी आलंच नाही, दादा. भाड्याचं नाव तू काढलं नाहीस आणि मी काढलं की कानाला हात लावायचास.

तुझी जीप माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. चिकूच्या वाडीवरून तू ती घेतलीस तेव्हा तिच्यात झाडाची पानं साठली होती. पेट्रोलचं इंजिन, तेही थकलेलं. तरी तलासरी-डहाणू आतल्या रस्त्याने तू तिच्यातून माणसं न्यायचास. बाजाराची, लग्नाची, दवाखान्याची. बाळंतपणाची बाई घेऊन निघालास आणि ती कोसबाडच्या चढाला बंद पडली, त्या दिवशी तू परत येऊन जेवला नाहीस. बाई वाचली, मूल वाचलं, मागून एक ट्रॅक्टर आला म्हणून. तू मला म्हणालास, "हिच्यात दुसरं इंजिन टाकायचं. डिझेल. या वर्षी."

हायवेला मागून ठोकर बसलेला तो पिकअप मिळाला ते तुझं नशीब. मागून चेपून पापड झालेला, पुढून कोरा. त्याचं इंजिन तुझ्या जीपपुढे तान्हं होतं. तीन पाइपांची घोडी उभी करून चेन-ब्लॉकला ते आपण टांगलं, आणि तू त्याच्याभोवती असा फिरलास जसा माणूस मुलगी बघायला गेल्यावर फिरत नाही, कारण तिथे लाज असते. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी इंजिनाच्या बैठकीचे नमुने केले. जुन्या बैठका कापल्या, नव्या मारल्या. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर पुढच्या ॲक्सलला घासत होतं म्हणून इंजिन दोन इंच मागे घेतलं, ड्रायव्हरच्या पायाकडचा पत्रा कापला. पत्रा कापताना मी घाबरलो नाही. पत्रा म्हणजे कपडा. कापला, शिवला.

अडलं ते रेडिएटरला.

नव्या इंजिनाचा रेडिएटर चार बोटं उंच. तो बसवायचा तर जीपच्या तोंडाखाली चेसिसच्या दोन दांड्यांना जोडणारी जी आडवी पट्टी असते, ती कापून खाली घ्यावी लागणार होती.

"कापू," तू म्हणालास. "खाली उतरवून परत मारू. चार बोटांचं काम."

"चेसिस उघडेल."

"तुझ्या हातची वेल्ड आहे. उघडेल कशी?"

"म्हणूनच म्हणतो."

तू हसलास. "हा घाटी देवळाची पायरीपण ठोकून बघेल आणि मग चढेल." दोन दिवस तू माझ्या मागे लागलास. तिसऱ्या दिवशी मी तुला ट्रॉलीचं सांगितलं. गावाकडे मी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हूक जोडला होता. तो भर उतारावर तुटला. मागे चालणाऱ्या माणसाचा पाय गुडघ्यापासून गेला. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. कुणी पोलिसात दिलं नाही, कुणी मारलं नाही. तो माणूस रोज आमच्या घरावरून काठी टेकत जायचा, एवढंच. मी आठवीत शाळा सोडली होती, हातात ही एकच विद्या होती, आणि ती घेऊन मी जिथे मला कुणी ओळखत नाही इतक्या लांब आलो होतो.

तू हात पुसलेस. जुना रेडिएटर उचलून आणलास आणि स्वतःच परत बसवलास. "पितळेचा आहे. आजकाल असे मिळत नाहीत. चढावर जरा दम खाईल. आपणपण खातोच की."

म्हणून तो थांबा सुरू झाला. नव्या इंजिनाला ताकद होती, पण जुना रेडिएटर पुरत नव्हता. कोसबादचा चढ संपतो तिथे हातपंप आहे, ताडाची पाच-सहा झाडं आहेत. तिथे जीप थांबायची, बोनेट वर जायचं, दहा मिनिटं. इंजिन बंद नाही करायचं, हळू चालू ठेवायचं. पाणी आधी बाहेरून जाळीवर मारायचं, रेडिएटरचं झाकण सगळ्यात शेवटी. लोकांना सवय झाली. बाया तंबाखू मळायच्या, म्हातारे लघवीला जायचे. वरोरची ती मासेवाली मावशी, टोपली रिकामी करून परत निघालेली, तुला म्हणाली होती, "मिस्त्री, इंजिनाला जावई केलास का रे? दर चढाला पाणी विचारतोस."

"नवीन आहे ना मावशी. लाजतं. विचारल्याशिवाय घेत नाही."

"आणि ही जुनी जीप बघ कशी न मागता धूर सोडते," ती म्हणाली, आणि सगळी जीप हसली होती.

जीप का थांबते हे तुला शंभर जणांनी विचारलं असेल. माझं नाव तू एकदाही घेतलं नाहीस. "इंजिनाचा स्वभाव आहे," म्हणायचास. स्वभाव माझा होता.

दर उन्हाळ्यात तू विषय काढायचास. "यंदा कापू या का रे पट्टी?" मी म्हणायचो, पाऊस पडू दे. पावसाळ्यानंतर म्हणायचो, दिवाळी होऊ दे. तू म्हणायचास, "बरं. तुझी दिवाळी कधी येते ते सांग." गेल्या थंडीत भूकंपाचे धक्के बसायला लागले, सगळा तालुका घराबाहेर झोपायला लागला. पहिल्या धक्क्याला पत्र्याची शेड हलली तेव्हा तू चालू जीपच्या बोनेटवर हात ठेवून उभा होतास. गंभीरपणे म्हणालास, "माझं इंजिन नाही हा." मी त्या भीतीतही हसलो. मग म्हणालो, "दादा, एवढे हादरे बसतायत, आता तर पट्टीला हात नकोच लावायला." तू माझ्याकडे बघितलंस. पहिल्यांदाच जरा चिडून म्हणालास, "जमीन हलली तर पट्टी, पाऊस पडला तर पट्टी. हणमंत, एखादी गोष्ट तुटायच्या भीतीने किती वर्षं गरम ठेवायची?"

आपलं भांडण तिथेच राहिलं.

त्या दुपारी तू टायरवर बसलास आणि म्हणालास, पित्त झालंय, सोडा आण. सोडा प्यायलास, सगळा घामावाटे बाहेर आला. डावा हात उजव्या हाताने धरून बसलास. मी म्हणालो, इथेच दवाखान्यात जाऊ. "नको. डहाणूला चल, माझे साखरेचे डॉक्टर तिथे आहेत." मी म्हणालो, ॲम्ब्युलन्स बोलावतो. "जीप दारात आहे ना? दुसऱ्यांना एवढी वर्षं नेलं, मला नेणार नाही?" हायवेने चारोटीवरून लांब पडतं, आतून चल, हेही तूच म्हणालास. प्रत्येक वेळी मी "हो दादा" म्हणालो. पाच वर्षांची सवय होती.

तू माझ्या शेजारी बसलास. डोळे रस्त्यावर नव्हते, इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर होते. चढाला लागलो आणि काटा वर जायला लागला. उन्हं अशी की डांबर चिकटत होतं.

"काटा बघ."

"बघतोय."

"वर गेलो की थांब."

"दादा, आज नको."

"थांब बोलतो ना. इंजिनाचं हेड उडालं तर दोघं इथेच बसू. या वेळेला या रस्त्याला कुत्रंसुद्धा नाही."

खरं होतं ते. तसं झालंच असतं कदाचित. उतार लागला की काटा आपोआप खालीही आला असता कदाचित. या दोन कदाचितांमध्ये मी एकवीस दिवस झोपलेलो नाही. तेव्हा मी विचार केला नाही. वर पोचलो, ताडांच्या सावलीत जीप घेतली, बोनेट उघडलं. हात आपोआप चालत होते. पाणी जाळीवर मारलं. वाफ उठली. काचेतून तू दिसत होतास, मान टेकून, तोंड उघडं, आणि तरी माझ्या हातांकडे लक्ष ठेवून. मी झाकणाला हात घातला तेव्हा तू आतून म्हणालास, "पोतं घे हाताला. भाजशील."

हे तुझं शेवटचं नीट ऐकू आलेलं वाक्य. माझ्या हाताबद्दलचं.

मोबाइलवर वेळ दिसत होती. अकरा मिनिटं थांबलो. खाली उतरेपर्यंत तू दोनदा काहीतरी पुटपुटलास, वहिनींचं नाव असावं, किंवा काट्याबद्दल काही. रेल्वेच्या अलीकडे तुझं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, झोपलास. इतका मी मूर्ख. गिअर टाकताना तुझं डोकं हलू नये म्हणून खांदा स्थिर धरून गाडी चालवत होतो.

डॉक्टरांनी विचारलं, दुखायला कधी लागलं? मी सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. मी त्यांना विचारू शकलो असतो, डॉक्टर, अकरा मिनिटांनी काय फरक पडला असता? विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं तर?

पट्टी मी कापली, दादा. तुझ्या दहाव्यानंतर दोन दिवसांनी. शेड बंद करून, एकट्याने. चार बोटं खाली घेऊन मारली. पिकअपचा रेडिएटर तीन वर्षं कोपऱ्यात पोत्याखाली होता, तू तो भंगारात दिला नव्हतास. तो बसवला. दीड दिवस लागला सगळ्याला. दीड दिवस. नंतर मी तो जोड ठोकला, किती वेळा ते सांगत नाही. जीप भरून दगड घातले आणि चढ चढलो. काटा मधोमध राहिला. हातपंप मागे गेला आणि मला एकदम ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही, गाडी चालवत राहिलो.

हे इथपर्यंत मी लिहून ठेवलं होतं, कारण वहिनींसमोर तोंड उघडेल असं वाटत नव्हतं. वाटलं, तुला तरी सांगून मोकळं व्हावं. पुढचं आज लिहितो आहे. काल कैनाडला जाऊन आलो.

वहिनींनी निरोप पाठवला होता, जीप घेऊन ये. मला वाटलं विकायची असेल. ओट्यावर सुपात वाल घेऊन बसल्या होत्या, तुझी दर्शना आत अभ्यास करत होती. मी चावी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलली नाही.

"गाडी तूच चालव," त्या म्हणाल्या. "ज्याने त्याला एका दमात नेलं त्याच्याच हातात राहू दे. भावाला मी तसं बोलले आहे."

मी खाली बघत बसलो.

"बायका सांगत होत्या, आता चढावर थांबत नाही म्हणे. काय केलंस?"

"खालची पट्टी कापली. मोठा रेडिएटर बसवला."

"कधी?"

"दहाव्यानंतर."

वहिनी वाल निवडत होत्या. एक दाणा उचलला, बघितला, बाजूला टाकला. मग हात थांबला.

"मग त्या दिवशी पट्टी होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि बाहेर ऊन होतं."

"हो, वहिनी."

"मग कशी नाही थांबली?"

तुला सांगतो, दादा, त्यांनी आवाज चढवला नाही. दर्शनाला गणित समजावून सांगताना विचारतात तसं विचारलं. मी म्हणालो, थांबली होती. अकरा मिनिटं.

"त्यानेच सांगितलं असणार थांबायला."

"हो."

"आणि पट्टी आधी का नव्हती कापली, ते मला माहीत आहे."

मी वर बघितलं.

"त्या ट्रॉलीचं त्याने मला तेव्हाच सांगितलं होतं. बोलला, हणमंतला यावरून कधी काही विचारायचं नाही, त्याच्यासमोर ट्रॉलीचं नाव नाही काढायचं. बावीस वर्षांत मी त्याचं एवढं एकच ऐकलं." सूप त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं. "बाकी तो जे बोलला त्याच्या उलटं केलं, म्हणून हा संसार झाला. आणि तू, त्याच दिवशी, त्याचं ऐकलंस."

मी म्हणालो, "वहिनी, मला माफ..." पण त्या उठून आत गेल्या होत्या. वाल तसेच राहिले.

थोड्या वेळाने आतून आवाज आला. आधी मला कळलंच नाही कसला. दर्शना दारात आली, वही छातीशी धरून. म्हणाली, "आई रडतेय. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा." ती माझ्यावर रागावली होती की नाही ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. ती परत आत गेली.

मी ओट्यावर बसून राहिलो. समोरच्या घरातल्या बाईने कोंबड्या आत घेतल्या, गुरं आली, दिवे लागले. मला कुणी आत ये म्हणालं नाही. जा असंही कुणी म्हणालं नाही.